भिडस्तांनी एकट्यानेच लंडनला जावं

भिडस्त माणसाने पहिल्यांदा परदेशात फिरायला जायचं तर ग्रुप टूरनेच जावं, असं आमच्या सदाशिव पेठेत सर्वमान्य मत आहे. टूर लीडर असतो, बोलायचं सगळं तो बघतो, संध्याकाळी वरणभातसुद्धा मिळतो. माझं मत बरोब्बर उलटं आहे. भिडस्ताने एकट्यानेच जावं, आणि पहिलं शहर म्हणून लंडन धरावं.

कारण असं की सोबत असली की भिडस्त माणूस बोलका होत नाही, उलट अजून गप्प होतो. चौघं मिळून शनिवारी कुठे जायचं ठरवत असतात, तिघांची तीन मतं पडतात आणि चौथा म्हणतो "चालेल". (चौथा म्हणजे कोण ते सुज्ञांस सांगणे न लगे.) मग तो दिवसभर दुसऱ्याच्या आवडीचं स्टेडियम बघतो, दुसऱ्याच्या आवडीचं खातो, आणि रात्री "मजा आली" असंही म्हणतो.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण पुण्याचंच आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली पहिल्यांदा लंडनला गेले. तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, वय तीस. वेल्बी कमिशनपुढे डेक्कन सभेतर्फे साक्ष द्यायची होती. सोबत दिनशा वाच्छा होते, म्हणजे एकटे नव्हतेच. वाटेत कॅलेच्या स्टेशनवर गोखले पडले आणि छातीला मार लागला. आता शेजारी आपला माणूस आहे, त्याला सांगायचं की नाही? पण त्यांनी दुखणं तसंच दाबून ठेवलं, वाच्छांना उगाच त्रास नको म्हणून. लंडनला पोचल्यावर अगदी सहन होईना तेव्हा डॉक्टर आला, आणि हृदयाला इजा झाल्याचं निघालं. जिवावरचं प्रकरण होतं. नंतर बरेच दिवस अंथरुणात. मिसेस काँग्रीव्ह नावाच्या बाईंनी त्यांची देखभाल केली. बायकांशी बोलायलाही लाजणाऱ्या या पाहुण्याला तिकडच्या रीतीभाती त्यांनीच शिकवल्या म्हणतात.

आणि हाच माणूस त्याच एप्रिलमध्ये कमिशनपुढे बसला आणि हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कुठे जातो ते आकड्यांनिशी मांडलं. उलटतपासणीला पुरून उरला. छातीतली कळ सांगवत नव्हती, पण साम्राज्याकडे हिशोब मागवत होता!

मला यात काही विरोधाभास वाटत नाही. भिडस्त माणूस कामासाठी बोलू शकतो, स्वतःसाठी बोलता येत नाही. मी क्लायंटशी पाऊण तास डेटाबेसवर वाद घालू शकतो, पण हॉटेलात "भाजी गार आहे" एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. ही आपली अडचण आहे, आणि सोबत असेपर्यंत ती झाकली जाते. एकटं असलं की पाणी पाहिजे असेल तर पाणी मागावंच लागतं. एकट्याने फिरण्याचा फायदा मला विचाराल तर एवढाच आहे, बाकी आत्मशोध वगैरे राहू दे.

मग लंडनच का? तर ते शहर मुळात आपल्यासारख्यांचंच आहे. ट्यूबमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, नजर मिळाली तरी दोघंही गडबडीने वर जाहिरात वाचायला लागतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, कार्ड टेकवायचं, बाहेर पडायचं. आणि सूचना तर जिथे तिथे. आपल्या पेठेतल्या पाट्यांना लोक खवचट म्हणतात, पण माझ्या मते पाटी हे भिडस्ताचंच हत्यार आहे. तोंडावर बोलवत नाही म्हणून माणूस दारावर लिहितो. लंडन तर असं आहे की एक सबंध शहर पाट्यांनी बोलतं. परकं कसं वाटणार?

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट. पैसे भरलेत म्हणून सगळं बघायलाच हवं असं काही नाही. मी एका दालनात वीस मिनिटं बसून बाहेर आलो. "अरे, एवढ्यात?" म्हणणारं कुणी नव्हतं.

खरी परीक्षा जेवणाची. "एकटेच?" या प्रश्नाला आपण उगाच घाबरतो. खरं तर टिळक रोडच्या आसपास खानावळींत एमपीएससीची पोरं रोज अनोळखी माणसासमोर ताट घेऊन मुकाट्याने जेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तोच चेहरा करून आत शिरायचं. दुसऱ्या दिवसापासून जमतं.

आणि एक शिफारस. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनला उतरून १०, हाउली प्लेसला जा. चिरोल खटल्याच्या वेळी, १९१८-१९ मध्ये, टिळक तिथे राहिले. १९६१ पासून भिंतीवर निळी पाटी आहे. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, गल्लीही शांत. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो तर कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, काही मदत हवी आहे का? एरवी मी "नो, थँक यू" म्हणून सटकलो असतो. पण पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, यांचा वाडा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मग चांगली पंधरा मिनिटं मी बोलत होतो. मंडाले, केसरी, गणपती, सगळं. आजोबांना किती कळलं देव जाणे. कुत्रा मात्र कंटाळून खाली बसला.

परत आल्यावर मी बदललो का, असं आई विचारते. नाही. भाजी अजून गारच खातो. पण आता ग्रुपमध्ये निदान "चालेल"च्या आधी एक "मला असं वाटतं" येतं.

पुढचा नंबर पॅरिसचा. तिथे दुकानात शिरल्या शिरल्या आपणहून "बोंजूर" म्हणावं लागतं, नाहीतर माणूस उद्धट ठरतो. म्हणजे इयत्ता जरा वरची आहे. सध्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे "नमस्कार" म्हणून आत शिरायची प्रॅक्टिस चालू आहे. तो दचकतो.