आईचं माहेर : अज्ञात

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि आज जरा रागात आहे. वाचून काही नातेवाइकांनाही राग येईल. येऊ दे. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, आता घरची चूक दिसल्यावर गप्प कशी बसू?

आमचा दादा गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात वारला. त्याच्याविषयी पूर्वी लिहिलं आहे, पुन्हा नको. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचं आणि माझं, दोघांचं नाव आहे. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला हवा, आणि तो तिकडच्या काउंटीच्या कचेरीतून आणायचा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा.

सगळी धावपळ भाच्यानं केली. तिकडची पद्धत सांगण्यासारखी आहे. मृत्यूची नोंद आठ दिवसांत, आणि तीही अंत्यविधीच्या आधी व्हावी लागते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस घरच्यांना विचारून माहिती भरतो, मृत्यूचं कारण डॉक्टर लिहितो. शिक्क्याची अधिकृत प्रत हवी तर तुम्ही जवळचे नातेवाईक हवेत : जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, आणि कायद्यानं ठरवलेले आणखी काही. बाकीच्यांना नुसती माहितीपुरती प्रत मिळते, आणि ओळख पटवायला ही चालणार नाही असं तिच्यावरच छापलेलं असतं. नातं तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं, टपालानं अर्ज केला तर नोटरीसमोर. खोटं लिहिलं तर गुन्हा. मग त्या प्रतीवर राज्याच्या कचेरीतून अपोस्टिल नावाचं प्रमाणपत्र लावून घ्यायचं. भारत २००५ पासून त्या हेग कराराचा सभासद आहे, त्यामुळे तेवढ्यावर इकडे कागद चालतो.

पाकीट आलं. चष्मा लावला आणि ओळ न् ओळ वाचली, सवयच आहे तशी. दादाचं शिक्षण होतं, व्यवसाय होता, त्या व्यवसायात किती वर्षं आणि त्या काउंटीत किती वर्षं काढली तेही होतं. वडिलांचं नाव होतं. आईचं नाव होतं. आणि त्याच्या शेजारी एक रकाना होता, आईचं जन्माचं आडनाव. त्यात टंकलेलं होतं : अज्ञात.

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि चहा करायला उठले. चहा उतू गेला.

भाच्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "आत्या, त्या माणसानं विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आईलाही आठवेना. तुमच्याकडे रात्र होती, तुला कशाला उठवायचं?" वहिनीनं तिच्या सासूबरोबर आयुष्यातली किती वर्षं काढली, पण सासूचं माहेरचं आडनाव तिला आठवेना. माझा राग त्या दोघांवर नाही. दादानं मुलाला कधी सांगितलं नाही, आणि दरवर्षी फोनवर तास तास बोलणाऱ्या मीही सांगितलं नाही. माझा राग आहे तो नंतर नातेवाइकांनी माझी जी समजूत काढली, तिच्यावर.

पहिली समजूत : "जमिनीचं काम अडत नाही ना? मग झालं!" नाही अडत, खरं आहे. अडलं ते भलतंच. दाखल्यावर दादाच्या नावात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, म्हणून तो आणि सातबाऱ्यावरचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पण दाखला काय फक्त जमिनीसाठी असतो? तिकडे माणसं आपली घराणी शोधतात ती अशाच दाखल्यांवरून आणि ग्रंथालयांत जपलेल्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांवरून. उद्या दादाची पणती शोधायला बसली तर तिच्या हाती हाच कागद पडणार. आमच्या आईचं माहेर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं सरकारी शिक्क्यानिशी सांगणारा कागद!

दुसरी समजूत : "आपल्याकडच्या दाखल्यावर तरी कुठे असतं?" नसतं. आपल्या दाखल्यावर आईचं नाव असतं, पण तिचं माहेर कुणी विचारत नाही. म्हणूनच तर मी भांडते आहे. विचारलंच नाही तर ती सरकारची चूक. विचारल्यावर सांगता आलं नाही, ही आमची.

तिसरी समजूत म्हणजे अमेरिकेचा पाळणा : "तिकडे सगळं चोख असतं हो!" सगळं नाही. मृत्यूचं कारण तिकडच्या दाखल्यावर स्वच्छ छापलेलं असतं. दादाला शेवटी काय झालं होतं ते बँकेतल्या माणसानं वाचलं, आणि आमच्या गावच्या तलाठ्यांनीही वाचलं (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). आपला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा याबाबतीत शहाणा आहे. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे नोंदीचा उतारा कुणीही मागू शकतो, पण मृत्यूचं कारण त्यात उघड करायचं नाही. माणूस गेला हे जगाला कळावं, कशानं गेला हे घराला कळावं. हे मला पटतं. तेव्हा उगाच आरत्या ओवाळू नका. चांगलं दिसेल ते घ्या, आणि रकाना असणं ही चांगली गोष्ट आहे.

आता निधन वार्तांविषयी. भाच्यानं तिथल्या वर्तमानपत्रात मनापासून लिहिलं. दादाची बाग, त्याचा ब्रिजचा अड्डा, नातवंडांची नावं, सगळं. जन्म? "भारतात." सगळं गाव, नदी, शाळा त्या एका शब्दात बुडाली. इकडे आम्ही जी वार्ता दिली तिचा साचा तुम्हाला पाठ आहे : "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे, बहीण असा परिवार आहे." पत्नीला नाव नाही, बहिणीला नाव नाही. ती बहीण मी. आणि तो मजकूर मीच लिहून दिला होता, हेही कबूल करते. साचा हाताला इतका बसलेला की माझं स्वतःचं नाव घालायचं मला सुचलं नाही!

गंमत बघा. तिकडच्या बँका गिऱ्हाइकाची ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारत आल्या. का, तर ते फक्त घरच्यांनाच माहीत असतं म्हणून. आम्ही त्यांच्याही पुढे गेलो. घरच्यांपासूनही गुपित ठेवलं.

तर आता दुरुस्ती. त्यासाठी वेगळं शपथपत्र असतं. त्यावर खरी माहिती असलेल्या दोन व्यक्तींच्या सह्या लागतात. मूळ पान मात्र तसंच राहतं, दुरुस्ती त्याला जोडली जाते. म्हणजे "अज्ञात" हा शब्द आता कधीच पुसला जाणार नाही, शेजारी फक्त आमचं तांबडं शाईचं उत्तर असेल. भाचा म्हणाला, "आत्या, एवढा खटाटोप खरंच करायचा?" म्हटलं, करायचा. आणि फॉर्म येईपर्यंत रोज एक नाव, या हिशेबानं फोनवर त्याला घराणं पाठ करायला लावलं आहे. परवा पणजीपर्यंत आला. उच्चार वाईट आहेत, पण गृहपाठ नियमित आहे.

तुम्हालाही गृहपाठ देते. एका कागदावर आई, दोन्ही आज्या आणि जमलं तर पणज्या, यांची माहेरची पूर्ण नावं आणि गावं लिहा. वडिलांचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. कागदाच्या प्रती मुलांना द्या. अडलात तर आजच कुणा म्हाताऱ्याला फोन करा. उद्यावर टाकू नका, आमच्या वयात उद्याची खात्री नसते.

असो. दुरुस्तीवर पहिली सही माझी. दुसरीसाठी परवा मामेभावाकडे गेले होते. एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, हात थरथरतो. म्हणाला, "आत्याबाईसाठी ना? दे इकडे." फॉर्म अजून यायचा आहे म्हटलं तर त्यानं कोऱ्या कागदावर सराव करून दाखवला. सही वाकडी आली, पण आडनाव नीट वाचता येत होतं. आईचंच ते.