रंग अवकाशाचे, भान सत्याचे

दरवर्षी दीपावली आली की एक छायाचित्र घरोघरी फिरू लागते. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा आकार, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या ठिपक्यांची उधळण आणि खाली मजकूर - 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत'. पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि तो ते चित्र आणखी दहा जणांना धाडतो. वस्तुस्थिती अशी की, ते चित्र दिवाळीचे तर नाहीच, पण कोणत्याही एका रात्रीचेही नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या सागर व वातावरणविषयक संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते रचले होते. १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढऱ्या रंगात, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळ्या, १९९८ मधले हिरव्या आणि २००३ मधले तांबड्या रंगात दाखवले होते. पुढे २०१२ च्या दिवाळीतील खरेखुरे उपग्रहचित्र नासाने प्रसिद्ध केले आणि दिवाळीची वाढीव रोषणाई अवकाशातून जवळजवळ जाणवत नाही, असा खुलासाही केला. दशकभरात भारतातील दिव्यांचे क्षेत्र कसे विस्तारले, हे सांगणारे ते चित्र होते. वास्तविक अभिमान वाटावा असे ते होते. आपण मात्र त्याचा खरा अर्थ टाकून दिला आणि खोटा अर्थ उराशी धरला.

हा घोटाळा का होतो? कारण अवकाशातून आलेले चित्र म्हणजे आपल्या घरातल्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो, अशी आपली सरळ समजूत असते. पण बहुतेक अवकाशयानांवरील वैज्ञानिक कॅमेरे रंग टिपतच नाहीत. ते केवळ प्रकाश किती आला, एवढेच मोजतात. कॅमेऱ्यापुढे एकामागून एक वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर येतात. लाल फिल्टरमधून एक चित्र, हिरव्यातून दुसरे, निळ्यातून तिसरे, आणि तिन्ही कृष्णधवल. पृथ्वीवर पोहोचल्यानंतर ती एकमेकांवर बसवून रंगीत चित्र तयार होते. ज्यांच्या आजोळी रविवर्म्याची तसबीर होती, त्यांना ही रीत परकी वाटू नये. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत जाई, तेव्हा कोठे लक्ष्मी-सरस्वतीचे रूप साकारे. फरक इतकाच की, चित्रकाराला लक्ष्मीच्या वस्त्राचा रंग ठरवण्याचे स्वातंत्र्य होते. शास्त्रज्ञाला मंगळाच्या मातीचा रंग ठरवण्याचे स्वातंत्र्य नसते, निदान नसावे.

ही जबाबदारी किती नाजूक असते, याचा धडा १९७६ मध्ये मिळाला. २० जुलै १९७६ रोजी 'व्हायकिंग-१' मंगळावर उतरले. दुसऱ्याच दिवशी पहिले रंगीत चित्र घाईघाईने प्रसिद्ध झाले आणि त्यात मंगळाचे आकाश निळसर दिसले. आपल्या अंगणातल्यासारखे आकाश पाहून लोक हरखले. परंतु यानावर बसवलेल्या रंगपट्टिकांशी चित्र ताडून पाहिल्यावर लक्षात आले की, रंगांचा तोल चुकला आहे. मंगळाच्या विरळ हवेत तांबूस धूळ तरंगत असते. तिच्यामुळे तेथील आकाश फिकट पिवळसर-गुलाबी दिसते. दुरुस्त चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला. शास्त्रज्ञांनी मात्र लोकांच्या आवडीपेक्षा रंगपट्टिकेची साक्ष प्रमाण मानली. अशी परीक्षा देण्याची तयारी, हीच विज्ञानाची प्रतिष्ठा होय.

मग चित्राचे रंग बदलणे हा अपराधच मानायचा काय? मुळीच नाही. 'क्युरिऑसिटी' या बग्गीची अनेक चित्रे अशी सिद्ध केली जातात की, मंगळावरचे खडक पृथ्वीवरील उजेडात कसे दिसले असते, ते कळावे. भूशास्त्रज्ञाची नजर पृथ्वीवरच्या उजेडात तयार झालेली असते. त्याला खडकाची जात ओळखायला असे चित्र उपयोगी पडते. पण त्या चित्रात आकाशही निळसर होते आणि मूळ चित्र शेजारी ठेवून 'पाहा, हे सत्य दडवतात' अशी आवई उठवणारे लगेच पुढे सरसावतात. वस्तुतः दडवलेले काहीच नसते. चित्रासोबतची टीप वाचण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, इतकेच.

नेपच्यूनची कथा याहून बोलकी आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये 'व्हॉयेजर-२' त्या ग्रहाजवळून गेले. त्याचे ढग आणि पट्टे स्पष्ट दिसावेत, म्हणून चित्रांना मुद्दाम उठाव देण्यात आला आणि ग्रह गर्द निळा झाला. शास्त्रज्ञांनी हे त्या वेळी सांगितलेही होते. पण चित्र पुस्तकापुस्तकांतून पुढे सरकत गेले आणि टीप मागे राहिली. दोन पिढ्या युरेनस फिका आणि नेपच्यून गर्द निळा, असे शिकत मोठ्या झाल्या. अखेर जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक पॅट्रिक आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण व चिलीतील महादुर्बिणीच्या नोंदींच्या आधारे जुनी चित्रे पुन्हा तपासली. दोन्ही ग्रह जवळपास सारख्याच फिक्या हिरवट-निळ्या रंगाचे असून नेपच्यून किंचित अधिक निळा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. एक हरवलेली तळटीप परत मिळवायला जगाला ३४ वर्षे लागली.

आपल्या देशाशी निगडित उदाहरणही घेऊ. सप्टेंबर २००९ मध्ये 'चंद्रयान-१' वरील नासाच्या उपकरणाने चंद्रावर पाण्याच्या खुणा असल्याचे सिद्ध केले. त्या निमित्ताने चंद्राचे एक बहुरंगी चित्र जगभर झळकले. त्यात निळा रंग पाण्याची खूण दाखवण्यासाठी, हिरवा पृष्ठभागाच्या तेजस्वितेसाठी आणि तांबडा पायरॉक्झिन या लोहयुक्त खनिजासाठी योजला होता. उघड्या डोळ्यांना चंद्र असा कधीच दिसणार नाही; त्यातला निळा म्हणजे तळीही नव्हेत. अशा चित्रांना इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'खोटा रंग' असा होतो आणि मराठीत तो तसाच उचलला की गैरसमजाला आमंत्रण मिळते. भूगोलाच्या नकाशात महाराष्ट्र गुलाबी आणि गुजरात पिवळा असतो, म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. तो संकेत आहे. म्हणून मराठीत आपण तीन शब्द रूढ करावेत : डोळ्यांना दिसेल तसा तो 'नैसर्गिक रंग', तपशील ठळक करण्यासाठी वाढवलेला तो 'उठावाचा रंग' आणि डोळ्यांना न दिसणारी माहिती दाखवणारा तो 'सांकेतिक रंग'. प्रत्येक चित्राखाली यांपैकी एक शब्द छापला, तरी निम्मा घोळ मिटेल.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. तो आनंद शब्दांत सांगण्याची गरज नाही. पण त्याच सुमारास चंद्राच्या मातीवर राजमुद्रा आणि इस्रोचे बोधचिन्ह सुबकपणे उमटल्याचे एक चित्र लक्षावधी लोकांनी एकमेकांना पाठवले. 'प्रज्ञान'च्या मागच्या चाकांवर ती चिन्हे खरोखरच कोरलेली होती. ते चित्र मात्र एका कलाकाराने संगणकावर रचलेले होते. त्याच दिवसांत, ३० ऑगस्ट रोजी, 'प्रज्ञान'ने टिपलेले 'विक्रम'चे अस्सल कृष्णधवल छायाचित्र इस्रोने प्रसिद्ध केले. ५ सप्टेंबरला दोन भिंगांतून घेतलेल्या चित्रांपासून लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचे त्रिमिती चित्रही दिले. ही चित्रे साधी, करडी होती. पण तेथे प्रत्यक्ष पोहोचलेल्या भारतीय यंत्राची ती दृष्टी होती.

कोणी म्हणेल, चित्र खोटे असले तरी त्यातून मुलांच्या मनात विज्ञानप्रेम आणि देशप्रेम जागे होते. मग बिघडले कोठे? बिघडते ते असे : ज्या मुलाने खोट्या चित्रावर विश्वास ठेवला, त्याचा भ्रम एक दिवस फुटतोच. त्यानंतर तो खऱ्या चित्राकडेही संशयाने पाहतो. खऱ्या पराक्रमाला खोट्या पुराव्याची जोड दिली, तर पराक्रमच शंकास्पद ठरतो. ज्या राष्ट्राचे यान खरोखर चंद्रावर उभे आहे, त्याला उसन्या चित्राची गरजच काय?

म्हणून काही गोष्टी आग्रहाने व्हायला हव्यात. इस्रोने प्रत्येक चित्रासोबत त्याच्या रंगाचा प्रकार भारतीय भाषांतून द्यावा. वृत्तपत्रांनी जागेअभावी टीप कापू नये. कापायचीच असेल तर चित्र लहान करावे. शिक्षकांनी एकच चित्र कृष्णधवल, नैसर्गिक आणि सांकेतिक रंगांत वर्गात दाखवावे. बृहस्पतीभोवती फिरणाऱ्या 'जुनो' यानाच्या कॅमेऱ्याची मूळ चित्रे नासा सर्वांसाठी खुली ठेवते आणि जगभरचे हौशी लोक ती घरच्या संगणकावर रंगवतात. आपल्या चांद्रमोहिमांच्या नोंदीही बंगळुरूजवळील ब्यालालू येथील केंद्रामार्फत अभ्यासकांना उपलब्ध होतात. आपल्या महाविद्यालयीन तरुणांनी या कामात उतरावे. स्वतः तीन कृष्णधवल चित्रांतून एक रंगीत चित्र जुळवणारा तरुण पुन्हा कोणत्याही बनावट चित्राला फसणार नाही.

आणि तुम्हा-आम्हा कुटुंबीयांसाठी एवढेच : येत्या दिवाळीत ते ठिपक्यांचे चित्र आले, तर ते पुढे जरूर पाठवा. मात्र सोबत दोन ओळी लिहा, की हे दिवाळीचे चित्र नाही. भारतातील दिव्यांचा विस्तार दाखवणारा तो एक नकाशा आहे.