हलकं काँक्रीट थंडीत का फुटतं? इंग्लंडच्या शाळा, नॉर्वेचे पूल आणि लडाखसाठी धडा

३१ ऑगस्ट २०२३. इंग्लंडमध्ये सुट्टी संपून शाळा सुरू व्हायला मोजके दिवस उरले होते. तेवढ्यात सरकारने शंभरहून अधिक शाळांना त्यांच्या काही इमारती ताबडतोब बंद करायला सांगितलं. कारण होतं छतातलं हलकं काँक्रीट. पुढच्या काही महिन्यांत ते २३० हून अधिक शाळांमध्ये सापडलं.

त्याच थंड युरोपात, नॉर्वेमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला राफ्टसुंडेट नावाचा पूल आहे. १९९८ साली बांधलेल्या या पुलाचा मुख्य गाळा २९८ मीटर लांब आहे आणि त्याचा बराचसा भाग हलक्या काँक्रीटचा आहे.

एकाच नावाच्या साहित्यावर एकीकडे भरवसा आणि दुसरीकडे भीती, असं का?

हलकं काँक्रीट म्हणजे काय?

नेहमीच्या काँक्रीटचं वजन एका घनमीटरला साधारण २,४०० किलो असतं. ते कमी करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत खडीऐवजी फुलवलेल्या मातीचे गोळे वापरतात. चिकणमाती भट्टीत सुमारे १,१०० ते १,२०० अंशांना तापवली की ती लाहीसारखी फुलते. असं काँक्रीट घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास भरतं. नॉर्वेच्या पुलांमध्ये याच प्रकारचं काँक्रीट आहे.

दुसऱ्या पद्धतीत खडी नसतेच. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा फ्लाय अ‍ॅशच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पावडर घालतात. वायू तयार होतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं. मग ते दाबाखाली वाफेवर पक्कं करतात. हेच एएसी ब्लॉक. महाराष्ट्रात बांधकामावरची माणसं त्यांना 'सिपोरेक्स' म्हणतात. हे नाव मूळचं स्वीडिश. पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने ते तंत्रज्ञान इथे आणलं. इंग्लंडच्या शाळांमधलं काँक्रीट याच कुळातलं, फक्त तिथे त्यात सळया घालून छताच्या लाद्या बनवल्या होत्या.

थंडी नेमकं काय करते?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमधलं छिद्र अर्धंच भरलेलं असेल तर बर्फाला पसरायला जागा मिळते आणि काही बिघडत नाही. छिद्रं ८५ ते ९० टक्क्यांच्या पुढे भरली की ती जागा संपते आणि आतून तडे जायला लागतात. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर फुटते, तसंच हे.

खरं नुकसान होतं ते पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याने. रात्री बर्फ होतं, दुपारी ते वितळतं, तडा थोडा रुंदावतो आणि त्यात आणखी पाणी मुरतं. त्यामुळे सलग उणे तीस अंशांपेक्षा रोज शून्याच्या खाली-वर जाणारं तापमान काँक्रीटसाठी जास्त घातक ठरू शकतं. अमेरिकेतल्या एका प्रमाणित चाचणीत म्हणूनच नमुना अधिक ४ ते उणे १८ अंशांदरम्यान ३०० वेळा फिरवतात.

यावरचा उपाय १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कामातून पुढे आला. मिश्रणात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे सोडायचे. आतल्या कुठल्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असला, तर गोठणाऱ्या पाण्याचा दाब तिथे मोकळा होतो.

नॉर्वेत चाललं, इंग्लंडमध्ये का नाही?

नॉर्वेच्या पुलांमध्ये मातीचे गोळे सच्छिद्र असले, तरी त्यांच्याभोवतीचं सिमेंट अतिशय घट्ट असतं. पाणी गोळ्यांपर्यंत सहज पोहोचत नाही. बर्गनजवळच्या १९९४ च्या नॉर्डहोर्डलँड पुलाचे तर तरंगते तराफेच या काँक्रीटचे आहेत. मात्र गोळे मिसळण्याआधीच पाण्याने भरलेले असतील आणि काँक्रीट सुकण्याआधी थंडीने गाठलं, तर हेच काँक्रीट फुटू शकतं.

एएसी पाणी पटकन शोषतं. स्वीडनमध्ये त्याचा शोध १९२० च्या दशकात लागला. तिथल्या थंडीतही ते भिंतींना चालतं, पण गिलावा आणि छताचं संरक्षण हवं. इंग्लंडमध्ये ते सपाट छतांना वापरलं. वर्षानुवर्षं गळती झाली, सळया गंजल्या. सुमारे ३० वर्षं टिकतील असं मानलेल्या लाद्या कित्येक ठिकाणी पन्नास वर्षं तशाच राहिल्या. २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत कोसळलं. शनिवार-रविवार असल्यामुळे मुलं वाचली. इथे मुख्य गुन्हेगार थंडीपेक्षा मुरलेलं पाणी होतं.

भारताने यातून काय घ्यावं?

लडाखसारख्या भागात हलके ब्लॉक सोयीचे वाटणं साहजिक आहे. घाटातून वाहून न्यायला कमी वजन, घरात ऊब, भूकंपात भिंतीचा भार कमी. लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, ही कोरडी हवा ब्लॉकच्या पथ्यावर पडते. पण तिथे हिवाळ्यातही ऊन कडक असतं. दक्षिणेकडची भिंत दिवसा तापते आणि रात्री गोठते. सपाट छतावरचा वितळता बर्फ, न्हाणीघराची गळती किंवा जोत्याशी साचलेला बर्फ भिंतीत मुरला, तर कोरड्या हवेचा फायदा तिथेच संपतो.

ब्लॉकच्या कागदावर दाब सोसण्याची ताकद लिहिलेली असते. पण थंड प्रदेशात बांधताना फक्त तेवढी पाहून चालणार नाही. भिजलेल्या अवस्थेत तो किती वेळा गोठून-वितळून टिकला, हे विचारायला हवं. सोबत उंच जोतं, छताला उतार, बाहेर आलेला छज्जा आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारा गिलावा हवा.

पुण्या-मुंबईत भिंती गोठत नाहीत, पण पावसाळ्यात भिजतात. इंग्लंडच्या छतांनी दाखवून दिलं की हलक्या काँक्रीटला मुरलेलं पाणीही पुरेसं असतं. त्यामुळे गच्चीची गळती पुढच्या वर्षावर ढकलणं इथेही परवडणारं नाही.