चावी कोणाच्या हाती?

क्यूआर कोड लावला म्हणजे धंदा डिजिटल झाला, असं मला वाटत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचंच बघा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू गावाचा झाला. पण तो बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला. एप्रिल २०११ मध्ये परवाना-पुस्तक ग्रामसभेला मिळालं, तेव्हा कुठे विक्री मोकळी झाली.

मित्रांनो, आपल्या दुकानांचंही तेच आहे. अ‍ॅप घेण्याआधी विचारा: ग्राहकांची यादी, उधारीचा हिशेब, पासवर्ड आपल्याच हाती राहणार का? उद्या अ‍ॅप बदललं, तर ही माहिती सोबत नेता येईल का? अब्बांनाही तो हिशेब वाचता येईल का? नसेल, तर माल आपला आणि परवाना दुसऱ्याचा.