स्प्रिंग आणि पीळ

रायपूर येथे १९५६ साली ज्या खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालयाचा पाया घातला गेला, तेच २००५ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. यंत्रविद्या शिकविणाऱ्या अशा संस्थांतून स्प्रिंगची ताठरता व दांड्याचा पीळ हे दोन प्रयोग बहुधा वेगवेगळ्या दिवशी होतात. वस्तुतः ते एकाच नियमाचे आविष्कार होत. मळसूत्री स्प्रिंग ताणली असता तिची तार मुख्यतः पिळली जाते. म्हणून केवळ तारेची जाडी दुप्पट केली, तर ताठरता सोळापट होते. केवळ वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला, तर ती एकअष्टमांश उरते.

साहजिकच जाडी मोजण्यात शेकडा दोनांची चूक झाली, तर उत्तरात सुमारे शेकडा आठांची उतरते. अशा वेळी पुस्तकातील आकड्याशी जुळणारे माप वहीत लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. तो टाळण्यासाठी दोन्ही प्रयोग एकत्र करवून त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहावीत, आणि तफावतीचे कारण शोधणाऱ्यास अधिक गुण द्यावेत. रायपूरजवळच्या भिलाईत घडलेल्या रुळांवरून धावणाऱ्या डब्याची स्प्रिंग वहीतील सोयीचा आकडा जाणत नाही.