पॉइंटचा हिशेब आणि सूर्यास्त



मागच्या महिन्यात आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारले, "मुलाच्या हॉटेलच्या पॉइंटवर दिल्लीला फुकट राहून आलात म्हणे? आम्हालाही सांगा की कसं करायचं." सांगते. पण आधीच एक गोष्ट बोलून टाकते. फुकट असे काही नसते. मी कॉमर्सची पदवीधर आहे. नोकरी कधी केली नाही, पण चाळीस वर्षे घराची वही लिहिली आहे, आणि त्या वहीत फुकट नावाचे खाते मला अजून सापडलेले नाही.

आज घराघरांत एक तरी मूल असे आहे, जे कंपनीच्या कामासाठी हॉटेलांत राहते. त्याच्या खात्यात पॉइंट जमतात. क्रेडिट कार्डावरही जमतात. मग सुट्टीत ते म्हणते, "आई, बाबा, जा कुठेतरी, खोली माझ्याकडून." प्रेमाने म्हणते. आपणही खूश होतो. आणि खोली कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात बेंगळुरूला भाच्याचे लग्न होते. माझी थोरली बहीण अक्का बरोबर होती. तेव्हा तिला एकाहत्तर पूर्ण झाली होती. तिचा रात्रिभोजनाचा त्याग चाळीस वर्षांपासूनचा आहे, आणि ती सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवण आटोपते. मुलाने पॉइंटवर एक मोठे हॉटेल घेतले. खोली सुंदर, गादी मऊ, खिडकीतून तळे दिसायचे. पण हॉटेल शहराच्या एका टोकाला आणि कार्यालय दुसऱ्या टोकाला. अक्काचा डबा खोलीवर होता. संध्याकाळी चारला निघालो. अर्ध्या-पाऊण तासात पोचू अशा हिशेबाने अक्काने साडेचारला गाडीतच जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेतली. त्यानंतर गाडी हलेचना. पुढे दिवे, मागे दिवे. सहाच्या सुमारास काचेतून बाहेर बघत अक्का एवढेच म्हणाली, "मावळला गं."

रात्री साडेदहाला मला जाग आली ती तिच्या हाताच्या थरथरीने. अंग घामाने भिजलेले. मशीनवर साखर ५८. मी ग्लुकोजचे पाणी पुढे केले तर मान फिरवली. "चाळीस वर्षं सांभाळलंय, आता एका रात्रीसाठी मोडायला लावू नकोस." डॉक्टरांना फोन लावला, फोन तिच्या कानाला धरला. शेवटी औषध म्हणून घेतले. डोळ्यांतून पाणी चालले होते. दुसऱ्या दिवशी तिने पंधरा दिवस गोड सोडायचे ठरवले, प्रायश्चित्त म्हणून. खरे तर ते मी घ्यायला हवे होते. तिला तिथे नेले मी, आणि नेले कशासाठी? खोली फुकट होती म्हणून.

त्या रात्रीपासून माझे मत पक्के आहे. हॉटेल निवडताना पहिला प्रश्न "किती पॉइंट?" हा नसावा. "आपण ज्या कामाला चाललोय तिथून ते किती लांब?" हा असावा. पॉइंटचा प्रश्न दुसरा.

मागच्या नोव्हेंबरात, कार्तिकी अष्टाह्निका झाल्यावर, अक्काला हस्तिनापूर करायचे होते. शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ या तीन भगवंतांची ती जन्मभूमी. राजा श्रेयांसाने आदिनाथ भगवंतांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला तोही तिथेच. दिल्लीपासून साधारण ११० किलोमीटर. म्हणजे दिल्लीत तीन रात्री. एक दिवस हस्तिनापूर, बाकीचे दोन दिवस दिल्लीतली मंदिरे.

मुलाने दोन हॉटेले समोर ठेवली. पहिले विमानतळाजवळच्या एअरोसिटीत, अगदी नवे-कोरे. एका रात्रीला १८,००० पॉइंट, पैसे देऊन घेतले तर करासह १३,५०० रुपये. दुसरे कॅनॉट प्लेसजवळ, जुने, खोल्या लहान. रात्रीला २४,००० पॉइंट, पैशांत १२,००० रुपये. मुलगा म्हणाला, "आई, पहिल्यात एका पॉइंटला ७५ पैसे मिळतात, दुसऱ्यात ५०. तीन रात्रींचे १८,००० पॉइंट जास्त जातील. तेवढ्यात तिकडे आणखी एक रात्र येते. हा तोट्याचा सौदा आहे."

भागाकार बरोबर होता, चूक भाज्यात होती. तो १३,५०० चा आकडा आला कुठून? हॉटेलने लावलेला भाव तो. पण मी पदरचे १३,५०० घालून एका रात्रीची खोली घेतली असती का? जन्मात नाही. पॉइंट नसते तर मध्यवर्ती भागात साडेचार हजारांची स्वच्छ खोली घेतली असती. म्हणजे माझे वाचले ते साडेचार हजार. त्याला २४,००० ने भागले तर पॉइंटला जेमतेम १९ पैसे. जास्त गेलेल्या १८,००० पॉइंटची माझ्या लेखी किंमत झाली ३,४०० च्या आसपास. चौथी रात्र आम्हाला नकोच होती. मुलाचा कामाचा प्रवास कंपनी करते, त्यामुळे त्यालाही ते पॉइंट खिशातले पैसे वाचवायला लागणार नव्हते.

आता दुसरी बाजू. आम्ही मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरणार. विमानतळाजवळच्या खोलीचा भाव चढा असतो तो विमानाने येणाऱ्यांच्या सोयीसाठी, ती सोय आम्हाला काय कामाची? एअरोसिटीहून चांदणी चौकात टॅक्सीने जाऊन यायचे तर बाराशे रुपये. सकाळी दर्शन, दुपारी अक्काला आडवे व्हायला खोली, पुन्हा बाहेर, म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या. दोन दिवसांचे ४,८०० रुपये. मुलगा म्हणाला, मेट्रो आहे की. आहे, आणि चांगली आहे. पण एअरोसिटीहून नवी दिल्ली स्टेशन, तिथे उतरून लांब चालत पिवळी लाइन गाठायची, हे अक्काच्या गुडघ्यांना विचारून ठरवायला हवे. कॅनॉट प्लेसच्या राजीव चौकाहून चांदणी चौक तिसरे स्टेशन, गाडी बदलायची नाही. जनपथहून व्हायोलेट लाइनने लाल किला पाचवे स्टेशन, समोर लाल मंदिर. दोन दिवसांत मेट्रो आणि रिक्षा मिळून आठशे रुपये झाले. म्हणजे चार हजार वाचले आणि पॉइंट गेले ३,४०० चे. पैशांतसुद्धा "तोट्याचा" सौदाच फायद्यात निघाला.

आणि वहीत न येणारा भाग वेगळाच. नोव्हेंबरच्या मध्याला दिल्लीत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तेव्हा सहा होतात. म्हणजे अक्काचे जेवण पावणेपाचच्या आत. खोली जवळ होती म्हणून हे जमले. धर्मपुऱ्यातले नया मंदिर राजा हरसुखरायांनी १८०७ साली बांधले. तिथली संगमरवरातली नक्षी बघत अक्का अर्धा तास बसली, आणि मी एकदाही घड्याळ बघितले नाही. लाल मंदिराच्या आवारातला पक्ष्यांचा दवाखाना बघितला. पंखाला पट्टी बांधलेली कबुतरे बघून ती लहान मुलीसारखी हरखली. साडेचारला कॅनॉट प्लेसच्या शाकाहारी खानावळीत तव्यावरची गरम रोटी आणि मुगाची डाळ, कांदा-लसूण न घालता. सूर्यास्ताला आम्ही खोलीत णमोकार म्हणत बसलो होतो. हस्तिनापूरच्या दिवशी मात्र हॉटेल कुठे आहे याने काही फरक पडला नाही, हेही कबूल करते. त्या दिवशी जेवण तिथल्या भोजनशाळेतच करून निघालो.

आपल्यातली एक जण मला म्हणाली, "पण वहिनी, मांसाहारी स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात राहायचं कशाला? धर्मशाळा नाहीत का?" तिचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. धर्मशाळेत खालच्या मजल्यावर, खोलीला लागून स्वच्छतागृह असलेली जागा मिळत असेल तर मी आजही आधी तीच घेते. तिथे पाणी गाळलेले असते आणि जेवण वेळेत असते. आपल्या दानातून ती चालते, तेव्हा तिथे राहणे हेही एक प्रकारे आपले कर्तव्य आहे. पण दोन जिने चढायचे असतील तर अक्काला ते जमत नाही. हॉटेलात मी फक्त झोपायची जागा घेते, ताट घेत नाही. गाळणे आणि छोटी किटली घरून नेते, कारण खोलीतल्या किटलीत आधी कोणी काय शिजवले असेल सांगता येत नाही.

दुसरी धास्ती मला स्वतःचीच वाटते. पॉइंट हाही परिग्रह आहे. आकडा वाढला की मन सुखावते, आणि हळूहळू आपण पॉइंटसाठी खर्च करू लागतो. "एवढी खरेदी केली तर दुप्पट पॉइंट" या निरोपावर आमच्या घरी एकदा नको असलेला मिक्सर आला आहे. पॉइंट साठवून ठेवण्यातही शहाणपण नाही. पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट हॉटेलवाले खोलीचे पॉइंट वाढवतात तेव्हा आपल्या साठ्याची किंमत आपोआप घटते. मॅरियटच्या योजनेत २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट लयाला जातात. परिग्रहाचे परिमाण करणाऱ्या आपण, या आकड्यालाही मर्यादा घालू या. गरजेला वापरावे, आणि वापरताना हात आखडता घेऊ नये.

तुमची मुले खोली घ्यायला बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसा आणि एवढे बघा.

त्या गावातला, त्या तारखेचा सूर्यास्त आधी काढा. कोलकात्यात डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो. इथले घड्याळ डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्याच दिवशी उपास घडेल.

हॉटेलच्या नावात "सिटी सेंटर" आहे म्हणून ते शहरात आहे असे समजू नका. नकाशावर मंदिर, दवाखाना, लग्नाचे कार्यालय, जिथे काम असेल ते ठिकाण टाका आणि दुपारी चारचा प्रवास किती वेळाचा दिसतो ते बघा. सकाळी सहाचा बघून उपयोग नाही.

भावाची तुलना करसहित करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर १८ टक्के. ७,४०० ची खोली आणि ७,६०० ची खोली यांत फरक दोनशेचा दिसतो, पण कर धरला तर तो बाराशेच्या जवळ जातो.

जास्त दिवस राहायचे असेल तर सवलत बघा. मॅरियटमध्ये पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट लागतात. पण सवलतीसाठी पाचवा दिवस ओढूनताणून वाढवू नका.

खोली मुलाच्या खात्यातून घेतली तरी बुकिंगवर तुमचे नाव घालून घ्या, आणि हॉटेलला स्वतः फोन करा. लिफ्ट आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, लवकर जेवायला काय मिळेल, हे विचारायला लाजू नका.

आणि शेवटचे. मुलगा म्हणेल, "आई, पॉइंट वाया जातील." त्याला सांगा, ज्या कामाला आलो ते काम साधले तर एकही पॉइंट वाया गेला नाही.

दिल्लीहून परतताना गाडीत मुलाचा फोन आला, "हॉटेल कसं होतं?" अक्का म्हणाली, "खोली लहान होती बाळा, पण रोज उजेडी जेवले." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी मी आधी सूर्यास्त बघीन."

जय जिनेंद्र.