निरुपद्रवी असत्य

धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळें वर चालत असे व "नरो वा कुंजरो वा" हे शब्द तोंडांतून निघतांच तो खालीं टेंकला, ही कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. रथांचा काळ गेला. परंतु अर्धवट सत्य बोलण्याची संवय कांहीं गेली नाहीं. बँकेच्या खिडकीपाशीं, दाखल्यांच्या कचेरींत, दुरुस्तीच्या दुकानांत "सर्व्हर डाउन आहे", "व्हायरस शिरला होता" असे उद्गार नेहमीं कानीं पडतात. त्यांतील कांहीं खरे असतात. कांहीं केवळ समोरच्या मनुष्यास वाटेस लावण्यासाठीं असतात. संगणक दुरुस्त करणारानें गिऱ्हाइकाशीं असें लहानसें खोटें बोलावें काय, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. शाळा सोडल्यावर कांहीं वर्षें मीं हाच धंदा केला असल्यामुळें मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे, असें समजतों.

प्रथम विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. यंत्र सुरू होत नाहीं अशी तक्रार फोनवर आली म्हणजे प्लग नीट बसला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. पण तसें सरळ विचारलें तर कित्येकांस तो अपमान वाटतो व ते न पाहतांच "बसला आहे" म्हणून सांगतात. म्हणून अनुभवी मदतनीस म्हणतो, "प्लगमध्यें धूळ बसते. जरा काढून फुंकर घाला व पुन्हां बसवा." धूळ हें निमित्त, प्लग घट्ट बसतो, यंत्र चालूं लागतें आणि कोणाचाही मान जात नाहीं. ज्यानें दुसऱ्याची लाज राखली जाते व काम होतें, त्या असत्यास दोष कोण देईल?

मीही देत नसे. परंतु या संवयीचा पहिला परिणाम असा कीं, जो स्वतः थापा मारतो त्यास समोरचाही थापाच मारीत आहे असें वाटूं लागतें. "यंत्र आतांच बंद करून चालू केलें," असें गिऱ्हाईक सांगे, आणि यंत्रांतील घड्याळ तें कित्येक दिवस अखंड चालू असल्याचें दाखवी. आम्ही मनांत हंसत असूं. वास्तविक २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलें तरी, फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असल्यास, प्रणालीचा गाभा पूर्णपणें मिटत नाहीं. त्याची स्थिति डिस्कवर जतन होऊन पुढल्या वेळीं तीच परत उघडते. सर्व कांहीं नव्यानें सुरू व्हावयास 'रीस्टार्ट'च करावें लागतें. म्हणजे गिऱ्हाईक खरें बोलत होतें. अज्ञान आमचें होतें!

दुसरा परिणाम याहून वाईट. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेचा महापूर ओसरल्यावर भिजलेल्या संगणकांचा दुकानांत ढीग पडला. एक विधवा बाई आपला जुना लॅपटॉप घेऊन आल्या. तो माळ्यावर ठेवल्यामुळें बचावला होता; केवळ सुरू होण्यास अडत होता. घाईघाईंत मीं त्यांस न विचारतांच डिस्क पुसून नवी प्रणाली घातली. शिवणकामाचा हिशेब व दिवंगत यजमानांचीं छायाचित्रें तींत होतीं. चूक लक्षांत आली तेव्हां मजपाशीं आयतें उत्तर होतें. मीं म्हटलें, "ताई, पुराच्या पाण्यानं आंतलं सगळं गेलं." त्या म्हणाल्या, "पुरानं एवढं नेलं, त्यांत हेंही." उलट माझेच आभार मानून त्या गेल्या.

अशा जुन्या हार्ड डिस्कवरील मजकूर पुसला तरी बहुधा केवळ अनुक्रमणिकाच जाते. त्या जागीं नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत मूळ मजकूर बराचसा तेथेंच असतो व जाणकारास तो परत काढतां येतो. बाई मात्र तें यंत्र रोज वापरीत राहिल्या. कांहीं महिन्यांनीं त्या पुन्हां विचारावयास आल्या, तेव्हां प्रयत्न करूनही हातीं कांहीं लागलें नाहीं. त्या दिवशीं मीं सर्व कबूल केलें. त्या इतकेंच बोलल्या, "तेव्हांच सांगितलं असतंस, तर मी यंत्र बंद करून ठेवलं असतं."

माझ्या चुकीनें नव्हे, तर माझ्या असत्यानें तीं छायाचित्रें गेलीं.

याच्या उलट उदाहरण पाहा. ता. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें धाडलेल्या सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें बंद पडलीं; आपल्या देशांतही विमानप्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. शत्रूच्या हल्ल्याची सबब सांगणें सोपें होतें. परंतु हा हल्ला नसून आपल्याच अपडेटमधील दोष आहे, असें कंपनीच्या प्रमुखानें त्याच दिवशीं जाहीर केलें. कोणती फाईल काढून टाकावयाची हें त्यामुळें सर्वत्र कळलें व दुरुस्ती सुरू झाली. नुकसान टळलें नाहीं, पण उपाय चुकीच्या दिशेस गेला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरोघर आजीआजोबांचे मदतनीस तुम्हींच आहांत. काय बिघडलें, आपण काय केलें व आपणांस काय कळत नाहीं, या तीन गोष्टी स्पष्ट सांगण्याची संवय लावून घ्या. प्लगची धूळही सोडून द्या. "माझाही प्लग कधीं कधीं सैल राहतो, एकदां पाहूं या," या खऱ्या वाक्यानेंही मान राखला जातो.

आणि पालकांस एक विनंति. "तूंच कांहीं तरी बिघडवलंस!" हें वाक्य घरांतून हद्दपार करा. ज्या घरांत चूक सांगितल्याबरोबर शिक्षा मिळते, त्या घरांत मूल पहिली गोष्ट शिकतें ती खोटें बोलण्याची. आणि तें पुढें कोणत्या ना कोणत्या खिडकीमागें बसून तेंच करूं लागतें.